सत्कारमूर्तींचा डावा पाय

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे, बस कार्यशाळेचे व्यवस्थापक साहेब, समोर बसलेली फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन मंडळी, त्यांच्या घरून आलेल्या माझ्या बहिणी, आणि आज निवृत्त होताना या इमारतीत पहिल्यांदाच इस्त्रीचा शर्ट घालून आलेले सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे,

साहेब मला म्हणाले, "वहिनी, तुम्हीही दोन शब्द बोला." साहेब, लग्न झाल्यापासून मला माईक कधी मिळाला नव्हता. आता तो हातात आलाय, तेव्हा दोन शब्दांवर भागेल ही आशा आपण सोडावी.

आत्ताच्या वक्त्यांनी सांगितलं, की फोरमन म्हणून यांनी कधी कुणाला अंदाजाने भाग बदलू दिला नाही. आधी कारण सांगा, मग पाना उचला. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पण मंडळी, या थोर कारकिर्दीत एका गाडीचं निदान साफ चुकलं होतं, आणि ती गाडी आमच्याच दारात उभी होती! बघा, हे खाली बघायला लागले. कुणीतरी पाणी द्या त्यांना.

तर आमची जुनी गाडी. मी ड्रायव्हिंग शिकले चाळिशी उलटल्यावर, आणि ते काही हौस म्हणून नाही. माझी आई टेकडीपलीकडच्या गावात एकटी राहायची. तिला दिसेनासं होत चाललं होतं. फोनवर विचारायची, "कधी येतेस गं?" आणि मी यांच्या सुट्टीची वाट बघत बसायचे. ती सुट्टी किती वेळा मिळाली, हे साहेबांना ठाऊक आहे. साहेब, तुम्ही नका खाली बघू. लायसन्स हातात आलं तेव्हा वाटलं, चला, आता माझी मी जाईन.

पण गाडी जरा तापली की पहिला गिअर पडेना. खर्रर्र! अख्खी गल्ली खिडकीत यायची. यांनी गाडी घेऊन एक फेरी मारली आणि निकाल दिला, "गाडीला काही झालेलं नाही. तू क्लच पुरता दाबत नाहीस."

"अहो, पार तळाला टेकवते."

"तुला वाटतं तसं."

तरी माझ्या समाधानासाठी सगळं केलं बरं का. क्लचचा वरचा सिलिंडर उघडला, खालचा उघडला, रबरी वॉशर नवे घातले, आत अडकलेली हवा काढली. क्लचचं ऑइल कुठे गळत नव्हतं, त्याच्या डबीतलं कमीही होत नव्हतं. मग पुन्हा यांचीच फेरी, आणि गाडी लोण्यासारखी. मग दोष उरला कुठे? माझ्या पायात! घराघरांत चर्चा झाली. नणंदेने जाड टाचेची चप्पल सुचवली. मी पाठीशी उशी घेऊन चालवली. शेवटी मलाच माझ्या पायाची शंका यायला लागली.

एक दिवस आईकडे निघाले आणि टेकडीच्या चढावर गाडी अडली. गिअर पडेना, मागून हॉर्न. परक्या माणसांनी ढकलून बाजूला लावून दिली. आईला कळवलं, आज जमत नाही. ती म्हणाली, "असू दे गं, पुढच्या वेळी." स्टिअरिंगवर डोकं ठेवून मी रडले. लाजायचं काय त्यात, रडले.

हे आले, चालवायला बसले. मी शेजारी. रागाने यांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून पायांकडे बघत होते. आणि दिसलं! गिअर टाकताना हे क्लच दोनदा मारतात. एकदा झटकन, लगेच पुन्हा.

"तुम्ही दोनदा का दाबता?"

"मी? मी एकदाच दाबतो."

"आत्ता दोनदा दाबलात."

"हो, आता मला क्लच शिकव!" असं म्हणून पुढच्या चौकात यांनी तो पुन्हा दोनदा दाबला. या वेळी यांचं स्वतःचंच लक्ष गेलं. तेव्हाचं तोंड, मंडळी, फोटो काढून या हॉलमध्ये लावण्यासारखं होतं.

दुरुस्तीला आलेल्या खिळखिळ्या बस चालवून बघताना पायाला लागलेली ती सवय. पहिल्या दाबात राहिलेलं काम दुसऱ्या दाबात व्हायचं, आणि गाडीचा आजार झाकला जायचा. मी बिचारी शिकवलं तसं एकदाच दाबत होते.

घरी आल्यावर जेवणखाण सोडून, इंजिन गरम आहे तोवर, हे गाडीखाली शिरले. मी सीटवर. "एकदाच दाब. धर. सोड." खाली यांचा हात चाचपत होता, तो एका जागी थांबला. "परत दाब. परत." खालच्या सिलिंडरला ऑइल नेणारा रबरी पाईप बाहेरून धडधाकट होता, पण माझ्या प्रत्येक दाबाला यांच्या मुठीत फुगत होता. माझा सगळा जोर तो पाईप फुगवण्यात जात होता. गाडी तापली की रबर आणखी मऊ, मग क्लच पुरता सुटायचा नाही आणि गिअर पडायचा नाही.

गाडीखालून आवाज आला, "तुझा पाय बरोबर होता."

मी म्हटलं, "काय? ऐकू नाही आलं." आलं होतं. पण पुन्हा म्हणवून घेतलं.

वीतभर पाईप बदलला, आणि त्यानंतर मी दर रविवारी आईकडे जायला लागले. तिला शेजारी बसवून गावातून चक्कर मारायचे. तिला दिसत नव्हतं, तरी ती मला काच खाली करायला लावायची आणि रस्त्यातल्या आवाजांना ओरडून सांगायची, "माझी लेक चालवतेय!" ती जाईपर्यंत एकही रविवार चुकला नाही.

अहो, तुमच्या हातून किती बस रस्त्याला लागल्या ते सगळ्यांनी सांगितलं. मला तुम्ही माझ्या आईकडे जायचा रस्ता दिलात. तो जरा उशिरा दिलात, पण चूक कळल्यावर चांगल्या कपड्यांनिशी गाडीखाली गेलात, हे मी विसरलेले नाही.

मंडळी, इतक्या मानाने बोलावलंत, इतकं ऐकून घेतलंत, आपल्या सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द जास्त गेला असेल, तर घरची बाई म्हणून सांभाळून घ्या.

आणि अहो, आई गेल्यापासून रविवारी मी गाडी काढलेली नाही. कुठे जायचं तेच सुचत नाही. उद्या रविवार आहे, आणि तुम्हालाही आता कामावर जायचं नाही. ठिकाण तुम्ही सांगा. गाडी मी चालवते.