पटलं तर सही

नाही, बसा हो, शाळा सोडल्याचा दाखला तयार आहे, क्लार्कनं माझ्याच हाती दिलाय – वर्गशिक्षिका मीच ना – पण आधी जरा ऐका. तुमची लेक, आमची वकीलबाई – रागावू नका, वर्गात सगळे तिला हेच म्हणतात, वाद घालायला कायम पुढे! – ती आता आईकडे राहायला जाणार, ते तुम्हाला पटलंय, तुम्ही सहीसुद्धा केलीत. ती सहीची टूम माझीच. इंग्रजीच्या तासाला पटवून देणारं लिखाण शिकवते मी, तर म्हटलं, घरातल्या कुणाला तरी खरंच काहीतरी पटवा, मोठ्यानं वाचून दाखवा, अर्थ समजावून सांगा, आणि पटलं तर त्यांची सही आणा. सही आणली की पैकीच्या पैकी मार्क. कुणी मोबाइल मागितला, कुणी मांजर. हिनं आईकडे राहायला जायचं लिहिलं, वाटलं, हिचंही तसंच, हौसेनं रचलेलं. तिची आई वेगळी राहते हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात गोष्टीची बांधणी चालू होती – फळ्यावर डोंगर काढायचा, पायथ्याशी सुरुवात, चढणीवर पेच, माथ्यावर मोठा प्रसंग, मग उतार. हिच्या त्या सहीच्या लिखाणाचा कच्चा खर्डा अगदी सपाट. लिहिलं काय, तर इथे संध्याकाळी कधीकधी कंटाळा येतो. मी म्हटलं, अगं, कंटाळ्यानं कुणाचं मन वळतं का? इथे माझा जीव गुदमरतो असं लिही, आणि ते माथ्यावर ठेव. – हो. हो, तेच वाक्य. ज्यानंतर तुमच्या घशाखाली घास उतरला नाही म्हणता, तेच. ते तिचं नाही हो, माझं आहे. तिनं विचारलंसुद्धा, बाई, एवढं कुठे आहे? मी म्हटलं, थोडं वाढवल्याशिवाय परिणाम होत नाही. वर शाबासकी दिली! मग तिनं वाचून दाखवलं, तुम्ही निमूट सही केलीत – आता ती बिचारी कोणत्या तोंडानं मागे फिरणार? कालपासून माझ्याशी बोलत नाही. वकीलबाई, आणि गप्प!

आणखी एक आहे – हे सांगणार नव्हते मी. शेवटी एक वाक्य होतं, ते मी खोडलं. लाल पेनानं, आरपार. शेजारी लिहिलं, यानं तुझी बाजू लंगडी पडते. – काय होतं? होतं असं, की – पण मी गेले तर बाबा जेवताना कुणाशी बोलणार, म्हणून मला नक्की जायचंय का तेच कळत नाही. एवढंच. मला वाटलं, मुद्दा सोडून चाललीय पोरगी. इतकी वर्षं शिकवते, आणि मला एवढं कळू नये? लाज वाटते हो, तुमच्याकडे बघवत नाही –

अहो, कुठे निघालात? दाखला इथेच राहिला – बरं, राहू दे. तिचा वर्ग डावीकडे नव्हे, उजवीकडे, अगदी शेवटचा. गणिताचे सर अडवतील, अडवू देत. मी पाठवलंय म्हणावं. जा तुम्ही.