बोंडं पडणारं झाड

मेकन शहरातल्या रोपवाटिकेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं रांगेत होतं.

"स्वीटगमचं झाड घे, पण बिनबोंडांचं. त्या काटेरी बोंडावर अनवाणी पाय पडला की जीव जातो."

"नाही हॉइट, बोंडांचंच. नाताळात मला सोनेरी रंगवायला हवीत."

"अगं, बोंडं धरायला वीस वर्षं लागतात! तेव्हा मी पंच्याण्णवचा असेन."

"मग पंच्याण्णवाव्या वर्षी दाताळं घेऊन अंगण तूच झाडशील."

"आत्ताच छाती उघडून शिवलीये माझी, अर्नेस्टीन. मध्येच देवाचं बोलावणं आलं तर?"

"सांग त्याला, बायकोने काम लावलंय."

हॉइट खो खो हसला. "बरं बाई, बोंडांचं तर बोंडांचं!"

माझी बायको मेबल गेल्यापासून अंगणाची झाडझूड नको वाटते, म्हणून मी बिनबोंडांचं रोप उचललं होतं. रांग सोडून ते बदलून आणलं.