गोधडीतली सरळ ओळ

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्यासमोर आजी आणि नात बसल्या होत्या. दोघींच्या मांडीवर मिळून एक अर्धवट गोधडी.

"हे टाके की कोंबडीचे पाय? उसव."

"आजी, पण..."

"पणबिण नाही. तुझ्या आईच्याही हाताला वळण नाही. आणि तुझा बाप! माझे ठणठणीत डोळे तपासायला इथे आणून सोडतो. एवढी ओळ झाली की सरळ घरी जायचं."

"ऐक ना गं."

"आधी ही माझी ओळ बघ. कशी सुतात आहे! जन्मात जमेल तुला?"

"ती माझी आहे. कोंबडीचे पाय तुझे."

आजीने बोटांनी दोन्ही ओळी चाचपल्या.

"तरीच म्हटलं, दोरा फार ओढलाय."

"मग तुझी उसवू?"

"उसवशील गं. आधी आपला नंबर कधी येतो, ते विचारून ये."