घिवलीतून पळताना

पळायचा सराव कुठेही करा, फक्त घिवलीच्या रस्त्यावर नको, असं मी म्हटलं की तुम्ही हसता. ऐका मग.

मी तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, बोईसरच्या एका कारखान्यात होतो. मॅरेथॉनसाठी रोज सकाळी अणुवीज केंद्राच्या, गावकरी त्याला 'भट्टी' म्हणतात, त्या बाजूने घिवली गावातून पळत यायचो. एकदा ठरवलं, आज शेवटचा टप्पा जीव खाऊन मारायचा. गावात शिरलो तेव्हा धापेने तोंडातून शब्द निघत नव्हता. दारात बोंबील निवडणाऱ्या बाईने विचारलं, "काय झाला रं?" काही नाही, म्हणून मी नुसता हात हलवला.

जरा पुढे गेलो तर पाठीमागे धपधप पावलं! वळून बघतो तर तीच बाई, कडेवर पोर, आणि मागे अख्खी आळी अनवाणी. "भट्टीकडना आला तो! पला!"

म्हटलं, यांना काहीतरी कळलंय. मी वेग वाढवला. त्यांनीही वाढवला. शेवटी ओढ्यावरच्या मोरीपाशी पायात गोळा येऊन मी आडवा झालो.

बाईने माझी बंडी धरली. "सांग, भट्टीत काय फुटला?"

"मला काय माहीत? तुम्ही पळताय म्हणून मी पळतोय!"

"आमी तुझ्यामुलं पलतोय!"

"अहो, मी शर्यतीची तयारी करतोय!"

कोणी हसलं नाही. बंडी सोडून बाई म्हणाली, "उद्यापासून भट्टीकडं तोंड करून धाव."

तेव्हापासून मी जाताना पळायचो. येताना मात्र गाव संपेपर्यंत सावकाश चालायचो, दारादारात हसून दाखवत.