डाव्या कुशीची वेळ

दाताच्या दवाखान्यात माझा नंबर सातवा होता. मागच्या बाकावर दोघी शेजारणी बोलत होत्या.

"अगं, तुझे सासरे अंथरुणाला खिळलेत? गेल्या आठवड्यात खिडकीतून दिसलं, तुझी लेक त्यांना कुशीवर वळवत होती."

"कसले खिळताहेत! रोज सकाळी चार किलोमीटर चालून येतात. हिच्या शाळेत रुग्णसेवेचा क्लब निघालाय. सरावाला घरात रुग्ण नको?"

"मग तू झोपायचंस."

"मी झोपले तर स्वयंपाक कोण करणार?"

"आणि त्यांनी ऐकलं?"

"पहिल्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. तर ही म्हणते, रुग्ण चिडला तरी आपण चिडायचं नाही, बाईंनी शिकवलंय. शाळेतून आली की त्यांना आडवं करायची. मग कूस बदल, त्यांना न उठवता खालची चादर बदल, नाडी मोज. वर रुग्णाशी गप्पाही मारायच्या म्हणे."

"गप्पा कसल्या?"

"आजोबा, तुम्ही शाळेत कुणाकुणाचा मार खाल्लात? रोज नवा प्रश्न."

"बाई गं! संपणार कधी हे?"

"संपलं की! सोमवारी परीक्षा झाली, पहिली आली. आता सुतारकामाच्या क्लबात गेलीय."

"सुटले म्हणायचे बिचारे!"

"कुठले सुटताहेत? काल पाच वाजता बघते, तर आपणहून पलंगावर आडवे. मला म्हणतात, सूनबाई, तिला म्हणावं ते लाकूड ठेव बाजूला. डाव्या कुशीची वेळ झाली."