चोवीस मिलिमीटर जादा

दिव्या : पप्पा, ऐकताय ना? मी निघा म्हणतेय.

खंडू : ऐकायलोय ग, स्पीकरवर आहे. हात भरलेत माझे. आताच चिकट्यात हार्डनर कालवलाय. एक आडवी फळी बसवली की निघालोच दवाखान्याकडं. वीस मिनिटं.

दिव्या : होडीचं राहू द्या आता.

खंडू : हे कालवलं की थांबत नाही बाई. डब्यात दगड होतंय त्याचा. आईनं काय खाल्लं का? सकाळी तर पेज पिली चांगली. माझ्यावर वरडली पण. डॉक्टर येऊन गेले का?

दिव्या : आले होते.

खंडू : मग? काय म्हणले?

दिव्या : तुम्ही या.

खंडू : आलो की. गाडी दामटतो. चाकणच्या चौकात अडकलो नाही तर…

दिव्या : नको, पप्पा. दामटू नका. सावकाश या.

खंडू : सावकाश?

दिव्या : हो. आणि एकटे नका येऊ. गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.

खंडू : बरं.

दिव्या : पप्पा, कळलं ना तुम्हाला?

खंडू : कळलं.

ज्योतीराम : काय पडलं रं? माझ्या गाळ्यापातूर आवाज आला. आरं, फळी चिरली की ही. खंडू? आसा का हुबा हायस?

खंडू : कस्तुरा गेली.

ज्योतीराम : काय बोलतो.

खंडू : दिव्या म्हणली, सावकाश या.

ज्योतीराम : बस. बस खाली आधी. बंटी! ए बंटी, गाडी काढ, काकाला दवाखान्यात सोड. पळ. खंडू, हात दे, पुसून घेऊ. जा तू. मी हितलं आवरतो, कुलूप लावतो आन् मागनं येतोच.

(चार महिन्यांनंतर. कुरुळीतलं तेच शेड, गुरुवारची सकाळ. होडी ट्रॉलीवर निम्मी चढलेली.)

ज्योतीराम : उचल. आजून जरा. हां… थांब, थांब. बसंना.

खंडू : पुढून तर बसली.

ज्योतीराम : पुढनं बसली, मागनं आडली. आता काय म्हणावं हिला! ट्रॉलीचं आधार मी सोताच्या हातानं वेल्ड केल्यात, तुझ्याच ड्रॉइंगवरनं. होडी रुंदीला बाराशे मिलिमीटर, आन् दोन्ही अंगाला पाच-पाच मोकळं. तूच लिवलं व्हतंस.

खंडू : टेप धर तिकडून. किती?

ज्योतीराम : बाराशे चोवीस.

खंडू : पुन्हा बघ. चष्मा लाव.

ज्योतीराम : चष्मा लावला तरी चोवीसच हाय.

खंडू : पस्तीस वर्षं फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न केले मी, स्टील ओतायच्या साच्यासाठी. अर्ध्या मिलिमीटरसाठी साहेबाशी भांडायचो. चोवीस आले कुठून?

ज्योतीराम : लाकूड फुगलं आसंल.

खंडू : पाण्यात कुठं गेली ती अजून फुगायला?

ज्योतीराम : मग नजर लागली आसंल. बीडच्या माणसानं होडी करायची म्हंजी काय! तुमच्याकडं पाणी यायचं टँकरनं. पोहायला येतं का तुला?

खंडू : नाही.

ज्योतीराम : आन् वहिनींना?

खंडू : तिला तर गुडघाभर पाण्याचं भ्या वाटायचं. पण हौस हिचीच. कंपनीनं पॅटर्न शॉप बंद केलं, मी घरी बसलो, तर म्हणली, माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड करू नका, होडी करा. लग्न होईतोवर पाणी मी वाहिलं, म्हणली, एक दिवस त्यानं मला वाहू दे.

ज्योतीराम : मग आता? आज ऱ्हाऊ दे का? पुढच्या गुरुवारी बघू.

खंडू : आज नाही नेली तर मी नेणारच नाही. रंग मारला, त्यालाच दीड महिना लागला मला. सकाळी येतो, कुलूप काढतो, बसतो. दुपारी कुलूप लावून घरी. इथं माझ्यानं काम होत नाही आता.

ज्योतीराम : बंटीची पिकअप बी आजच मोकळी हाय म्हणा. उद्यापास्नं कंपनीच्या ड्यूटीला.

खंडू : बाराशेला चोवीस. म्हणजे शंभराला दोन.

ज्योतीराम : काय पुटपुटतोस?

खंडू : ज्योतीराम, ही मागची आडवी फळी कुणी कापली?

ज्योतीराम : कुठली, ही व्हय?

खंडू : माझी तर चिरली होती. त्या दिवशी.

ज्योतीराम : मी कापली. तू गेल्यावर. तो चिकटा डब्यात घट्ट व्हाय लागलेला. म्हणलं, परत आल्यावर ह्यो माणूस हे आर्धं काम कसं बघंल? म्हणून दुसरी फळी घेतली, कापली, बसवली, क्लॅम्प आवळलं.

खंडू : मोजली कशानं?

ज्योतीराम : तुझ्याच पट्टीनं. हितं बाकावर व्हती, स्टीलची.

खंडू : ही?

ज्योतीराम : व्हय, हीच. पॅटर्नवाल्याच्या पट्टीपरीस खरी पट्टी कुठली आणायची?

खंडू : ही ओतकामाची पट्टी आहे बाबा. ओतलेलं स्टील थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न आधीच मोठा करायचा. हिच्यावरचा एकेक मिलिमीटर जरा मोठाच असतोय. शंभराला दोन जादा.

ज्योतीराम : आन् हे लिवलंय कुठं?

खंडू : मागच्या बाजूला.

ज्योतीराम : त्या टायमाला पट्टीची पाठ कोण बघतंय राव?

खंडू : कोणी नाही.

ज्योतीराम : ती फळी मोठी वाटत न्हवती का तुला? रंग मारताना?

खंडू : डोळ्याला खुपत होती. म्हणलं, आपले डोळेच गेले असतील.

ज्योतीराम : म्हंजी मीच बिघडवली तुझी होडी. चार महिनं बोललो पण न्हाई. मला वाटलं, तुला म्हाईत आसंल.

खंडू : तरीच तू दवाखान्यात दीडला आलास. मी म्हणलं, ह्याला आजच उशीर व्हावा का.

ज्योतीराम : राग आला व्हता?

खंडू : आला होता.

ज्योतीराम : थांब, ग्रायंडर आणतो. आधार कापतो, लांबवतो, आर्ध्या तासात बसवतो बघ.

खंडू : गुरुवार आहे.

ज्योतीराम : आयला, व्हय की. गुरुवारची लाइट न्हाई. मग तू रंधा मार ना बाहेरनं.

खंडू : फळ्याच दहाच्या आहेत. एकेका अंगाला बारा मिलिमीटर रंधा मारला तर आतून आपण दिसू.

ज्योतीराम : मग तोडू ती आडवी फळी. मीच तोडतो. नवीन काप, बरोब्बर बाराशेची.

खंडू : नको.

ज्योतीराम : आरं पण चुकीची हाय ना ती.

खंडू : मी टाकून गेलो होतो, तू पुरी केलीस. तिला हात नको लावू. जुने टायर आहेत का तुझ्याकडं?

ज्योतीराम : ढीग हाय मागं.

खंडू : चार आण. आधाराच्या वर टायर टाकू, त्याच्यावर होडी ठेवू आन् दोरानं आवळू. धरणापर्यंतच तर न्यायचीय. कंपनीतला सुजित आहे ना, त्याच्या रानात ठेवायची, पार काठाला.

ज्योतीराम : लोकं हसतील चौकात. टायरवर होडी!

खंडू : हसू दे.

ज्योतीराम : ए बंटी, टायर आण चार! … पोरीला सांगितलंस का, आज नेतोय म्हणून?

खंडू : ती होडीचं नाव काढू देत नाही. रविवारी पिंपळे गुरवहून डबा घेऊन येती, भांडी घासती, जाती. तेवढं सोडून सगळं बोलती.

ज्योतीराम : तिला सांग ना मग खरं काय ते. वहिनींनीच धाडलं व्हतं तुला त्या सकाळी. मी व्हतो की तिथं. जावा, माझ्या उशाला सुस्कारं टाकत बसू नका, म्हणाल्या.

खंडू : मेलेल्या माणसाच्या अंगावर ढकलू का?

ज्योतीराम : ढकलतोस कशाला? खरं हाय ते.

खंडू : खरं असलं तरी.

ज्योतीराम : मग आसाच ऱ्हा. लाव फोन. निदान नेतोय म्हणून तरी सांग. लाव, मी टायर बघतो तवर.

खंडू : हॅलो. दिव्या, कामात आहेस का?

दिव्या : आहे, पण बोला. जेवलात का?

खंडू : जेवीन. होडी बाहेर काढली आज. धरणाच्या काठाला नेऊन ठेवतोय, सुजितच्या रानात. कधी यावं वाटलं तर ये.

दिव्या : मला नाही बघायची ती, पप्पा.

खंडू : बरं.

दिव्या : बरं म्हणू नका ना. दर वेळी नुसतं बरं.

खंडू : मग काय म्हणू?

दिव्या : आईनं तुम्हाला पाठवलं होतं, माहितीये मला. तुम्ही गेल्यावर हसत सांगितलं तिनंच. मला त्याचा राग नाही.

खंडू : मग कशाचा आहे?

दिव्या : मी निघा म्हणाले. तुम्ही वीस मिनिटं म्हणालात.

खंडू : म्हणलो.

दिव्या : ती गेलीय, हे माझ्या तोंडून निघत नव्हतं. मी एकटी उभी होते तिच्यापाशी. आणि तुम्ही मला फळीचं सांगत होतात.

खंडू : हो.

दिव्या : एवढंच?

खंडू : तुझा आवाज कळायला पाहिजे होता मला. नाही कळला. चुकलं माझं.

दिव्या : एक मिनिट, बाहेर येते.

खंडू : आहेस ना ग?

दिव्या : आहे. नीट बांधलीय का? चौकात खड्डे आहेत.

खंडू : ज्योतीराम बांधायलाय.

दिव्या : पाण्यात कधी उतरवणार?

खंडू : आताच नाही. वल्ही करायची राहिलीत.