तेलाने की तेलावाचून

मी, गॅरेजात ब्रेकवाला आणि घरी थोरला, वय शेहेचाळीस, धंदा मोटारींच्या ब्रेकची दुरुस्ती, राहणार चढावरच्या गल्लीतले शेवटचे घर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, घरात आई, मी आणि धाकटा भाऊ असे तिघे राहत होतो. आई शिवणकाम करते. धाकटा सायकलने छापखान्यात कामाला जात असे. मंगळवारी सकाळी उताराच्या तळाशी उभ्या असलेल्या टेम्पोवर सायकल आदळून तो जागीच गेला. टेम्पो कडेला व्यवस्थित लावलेला होता. त्याच्या चालकाबद्दल माझी तक्रार नाही.

आईने सायकलवाल्या डॉक्टरविरुद्ध तक्रार दिली आहे. तो सायकली दुरुस्त करतो, डॉक्टर हे त्याचे गल्लीतले नाव. त्याने गेल्या आठवड्यात ब्रेकचे पॅड बदलले होते, म्हणून त्याला इथे आणून बसवले आहे. मी सायकल स्वतः तपासली. ब्रेकची चकती सरळ आहे, झिजलेली नाही, स्क्रू घट्ट आहेत. डॉक्टरने कामात कुचराई केलेली नाही. त्याला घरी जाऊ द्यावे.

मग ब्रेक का लागला नाही, असे साहेबांनी विचारले. त्यावर सांगतो की, मोटार असो वा सायकल, चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते आणि ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. ही चिमटी कोरडी असली तरच धरते. चकतीला आम्ही उघडे बोटसुद्धा लावत नाही. तेलाचे शिंतोडे उडाले तर ती किंचाळते. तेव्हा स्पिरिटने पुसायची, पॅड तेल प्यायलेले असतील तर फेकून द्यायचे. चकतीवर भरपूर तेल बसले, तर मात्र ती किंचाळत नाही आणि थांबतही नाही.

धाकट्याने रविवारी साखळीला तेलाचा फवारा मारला होता. तो चकतीवर उडाला आणि ब्रेक ओरडू लागला. सोमवारी जेवताना आई म्हणाली, "तुझी सायकल आली की अख्ख्या गल्लीला कळतं रे." मी म्हणालो, "तेलाने वाजतंय ते. सुट्टीला पुसून देतो." आई म्हणाली, "तेलाने कसं वाजेल? तेलावाचून म्हण." धाकटा म्हणाला, "दादा मोटारींच्या नादात मराठी विसरला." तिघेही हसलो. घास तोंडात होता. मी पुढे काही बोललो नाही.

आईच्या घरात काही कुरकुरलेले चालत नाही. शिवणयंत्र, पंखा, कपाट, सगळ्याला तिची ती लांब चोचीची तेलाची बुधली. मंगळवारी धाकटा आंघोळीला गेला असताना ती बुधली घेऊन अंगणात गेली. दोन्ही चाकांना, चकत्यांसकट, तेल दिले. अर्धवट काम ती करत नाही.

तो निघाला तेव्हा मी दारात दात घासत होतो. आई त्याला म्हणाली, "बघ, कसा गप्प बसलाय आता." तो हात हलवून गेला. उताराच्या वळणावर रोज ब्रेक ओरडायचा, त्या दिवशी ओरडला नाही. त्या वेळी मला बरे वाटले होते. आईने परस्पर सोय केली, असे वाटले. ब्रेक हा माझा धंदा आहे आणि मला बरे वाटले.

पंचनाम्यानंतर मी चकतीवर अंगठा फिरवून वास घेतला. शिवणयंत्राचे तेल होते. आमच्या घराला तोच वास येतो.

आईला हे माहीत नाही. तक्रार देताना ती इथेच म्हणाली की, "घरी काळजी घेत होतो हो, मी स्वतः तेल दिलं होतं." ते कुणाच्या ध्यानात आले नाही. मी गप्प राहिलो तर डॉक्टर अडकतो. डॉक्टरलाही घर आहे. म्हणून सांगितले. मला आईचा राग येत नाही. आला असता तर सोपे गेले असते.

हे तिला सांगावे लागेल का, असे मी साहेबांना विचारले. तक्रारदार तीच असल्याने कळवावे लागेल, असे साहेब म्हणाले.

आई बाहेर बाकावर बसली आहे. म्हणून जबाब वाचून दाखवण्याआधी दार लावून घ्यावे, अशी मी विनंती केली. हवालदारांनी दार लोटले, ते करकरले. बाहेरून आई त्यांना म्हणाली, "अहो, थोडं तेल द्या की त्याला."

त्यानंतर तो मला हळू आवाजात वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे, त्यात खोटे काही नाही. सही केली आहे.